क्रिएटिनिन ‘नॉर्मल’, म्हणून किडनी ठणठणीत?

जिनिव्हा येथे मे २०२५ मध्ये भरलेल्या जागतिक आरोग्य सभेने किडनीच्या आरोग्याविषयी ठराव मंजूर केला. किडनीसाठी असा स्वतंत्र ठराव होण्याची ही पहिलीच वेळ. त्याच वर्षी नोव्हेंबरात ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासाने किडनीच्या दीर्घकालीन आजाराचे रुग्ण सुमारे ७९ कोटी असल्याचा अंदाज मांडला. त्यांपैकी जवळपास १४ कोटी भारतात आहेत आणि या यादीत चीननंतर भारताचा क्रमांक लागतो.

यवतमाळ जिल्ह्यासाठी हे आकडे दूरच्या जगातले नाहीत. विहिरी-बोअरच्या पाण्यातील फ्लोराइड, उन्हाळ्याचा तडाखा, कापसावरची फवारणी, सिकलसेल आणि वाढता मधुमेह-रक्तदाब, असे किडनीला घातक ठरणारे बरेच काही या एका जिल्ह्यात एकत्र आले आहे. आजार शेवटच्या टप्प्याला गेला की सरकारी यंत्रणा आज बऱ्यापैकी मदतीला येते. प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ पासून सुरू आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस आणि किडनी प्रत्यारोपण दोन्ही बसतात. पण त्याआधीची जी दहा-पंधरा वर्षे किडनी गुपचूप झिजत असते, त्या काळात तिच्याकडे कोण पाहते? बहुतेकदा पाहिला जातो तो फक्त एक आकडा, सीरम क्रिएटिनिन. तो छापील मर्यादेत असला की अहवाल पिशवीत जातो. अडचण इथूनच सुरू होते.

आकडा काय सांगतो, काय लपवतो

माणसाच्या प्रत्येक किडनीत साधारण दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातले उपयोगी सारे परत रक्तात घेतात आणि दीड-दोन लिटर लघवी तयार करतात. क्रिएटिनिन हा स्नायूंच्या रोजच्या कामातून निघणारा टाकाऊ पदार्थ. तो रक्तात किती साठला, यावरून गाळण्याचे काम कसे चालले आहे याचा अंदाज बांधला जातो.

मात्र क्रिएटिनिन तयार किती होते हे स्नायूंवर अवलंबून असते. पिळदार शरीराच्या तरुणात ते जास्त तयार होते, तर हाडकुळ्या शेतमजुरात, वयस्कर बाईत, कुपोषित किंवा दीर्घ आजारी माणसात कमी. म्हणूनच एकच आकडा दोन माणसांत अगदी वेगळी गोष्ट सांगतो. क्रिएटिनिन १.२ मिलिग्रॅम आले असे समजू. पंचवीस वर्षांच्या तरुणात याचा अर्थ गाळण्याचा वेग सुमारे ८६, म्हणजे बहुधा काळजीचे कारण नाही. पासष्ट वर्षांच्या बाईत त्याच १.२ चा अर्थ वेग सुमारे ५०. तिच्या किडनीची निम्मी ताकद गेलेली असू शकते. त्यातून ती अगदी किरकोळ अंगाची असेल, तर खरा वेग याहूनही कमी निघू शकतो. अनेक प्रयोगशाळांच्या छापील मर्यादेत मात्र हे दोन्ही अहवाल ‘नॉर्मल’च ठरतात.

दुसरी बाब वाढीची. क्रिएटिनिन ०.६ वरून १.२ झाले, तर दोन्ही आकडे मर्यादेत असतात आणि कुणाचे लक्ष जात नाही. पण त्या माणसापुरते पाहिले तर क्रिएटिनिन दुप्पट झाले, म्हणजे गाळण्याची क्षमता जवळपास निम्म्यावर आली. एक किडनी दान केलेल्या निरोगी माणसाचे क्रिएटिनिनही बहुधा मर्यादेत किंवा तिच्या काठावर राहते, हे लक्षात घेतले तर या चाचणीचा आंधळा कोपरा समजतो. जुना अहवाल जपून ठेवणे म्हणूनच महत्त्वाचे. छापील मर्यादेपेक्षा स्वतःच्याच मागच्या आकड्याशी केलेली तुलना अधिक बोलकी असते.

यावर तोडगा साधा आणि बिनखर्चाचा आहे. क्रिएटिनिन, वय आणि लिंग यांवरून गाळण्याचा अंदाजी वेग, म्हणजे ईजीएफआर, सूत्राने काढता येतो. त्यासाठी रक्ताचा वेगळा थेंबही लागत नाही. वेग ९० च्या वर असेल तर चांगला, ६० ते ८९ म्हणजे किंचित कमी. ६० च्या खाली तो तीन महिने टिकला तर दीर्घकालीन आजार मानतात. ३० च्या खाली किडनीतज्ज्ञाचा सल्ला घ्यायलाच हवा आणि १५ च्या खाली डायलिसिस किंवा प्रत्यारोपणाचा विचार सुरू होतो. अहवालावर हा आकडा छापलेला नसेल तर डॉक्टरांना विचारावा.

युरिया, पोटॅशियम आणि सोनोग्राफी

किडनीच्या तपासणीच्या ‘पॅकेज’मध्ये इतरही आकडे येतात. युरिया किडनीखेरीज इतर कारणांनीही वाढतो. पाणी कमी पडले, जुलाब-उलट्या झाल्या, पोटात रक्तस्राव झाला तरी तो वर जातो, आणि आहारात प्रथिने कमी असतील तर किडनी बिघडूनही तो फारसा वाढत नाही. इथे आणखी एक घोळ होतो. काही प्रयोगशाळा युरिया लिहितात, काही बीयूएन. बीयूएनला २.१४ ने गुणले की युरिया मिळतो. एका ठिकाणचे बीयूएन २० आणि दुसऱ्या ठिकाणचा युरिया ४३ हे एकच आहे. ‘आठ दिवसांत दुप्पट झाले’ म्हणून घाबरण्याआधी अहवालावरचे नाव वाचावे.

पोटॅशियम मात्र हयगय करण्याची गोष्ट नव्हे. ते ५ च्या बरेच वर गेले तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. हिमोग्लोबिन कमी होण्यामागेही किडनी असू शकते, कारण रक्त तयार करण्याचा इशारा देणारे संप्रेरक तिथेच तयार होते. लोहाच्या गोळ्या घेऊनही रक्त वाढत नसेल तर किडनी तपासून पाहावी.

सोनोग्राफीत ‘ग्रेड वन’ बदल लिहून आला की अनेक घरांत रडारड सुरू होते. सोनोग्राफीत किडनीचा आकार, खडा, अडथळा दिसतो. ती काम किती करते हे दिसत नाही. रक्त आणि लघवीच्या चाचण्या चांगल्या असतील तर केवळ या एका शेऱ्यावरून आजार ठरवता येत नाही.

लघवीची चाचणी मागे का पडली?

किडनीच्या गाळणीला भोके पडू लागली की रक्तातले अल्ब्युमिन नावाचे प्रथिन लघवीत उतरते. मधुमेहात हे बहुधा क्रिएटिनिन वाढण्याच्या कितीतरी वर्षे आधी घडते. लघवीतील अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन यांचे गुणोत्तर ३० च्या खाली असणे ठीक. ३० ते ३०० ही धोक्याची सूचना आणि ३०० च्या वर गेले तर गळती मोठी. सकाळच्या पहिल्या लघवीचा नमुना यासाठी सर्वांत चांगला.

गर्भवतीच्या तपासणीत लघवीतील अल्ब्युमिन पाहण्याची पद्धत आपल्या उपकेंद्रांत वर्षानुवर्षे रुजली आहे. पट्टी लघवीत बुडवायची, रंग पाहायचा, नोंद करायची. तीच पट्टी मधुमेह किंवा रक्तदाबाच्या रुग्णाच्या वाट्याला क्वचितच येते. पट्टीला अगदी सुरुवातीची बारीक गळती कळत नाही, हे खरे. त्यासाठी गुणोत्तराचीच चाचणी लागते. पण जिथे काहीच होत नाही तिथे पट्टीसुद्धा मोठा फरक पाडते. रक्तातील ईजीएफआर आणि लघवीतील अल्ब्युमिन या दोन चाचण्या एकत्र वाचल्या तरच किडनीचे चित्र पूर्ण होते. ईजीएफआर ९५ आणि अल्ब्युमिन ४०० असलेला रुग्ण ‘नॉर्मल’ नसतो. त्याला उपचाराची गरज असते आणि उपचाराचा सर्वाधिक फायदाही त्यालाच होतो.

यवतमाळच्या मातीतले धोके

पांढरकवडा परिसरातील भूजलात फ्लोराइड असल्याचा अभ्यास २००७ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅम फ्लोराइड चालते. दुसरा स्रोतच नसेल तर दीडपर्यंत. शरीरातले फ्लोराइड मुख्यतः किडनीवाटे बाहेर पडते. त्यामुळे किडनी आधीच कमजोर असलेल्या माणसात ते साठून राहते, हाडे आणि दात अधिक लवकर बिघडतात. एकट्या फ्लोराइडने किडनी निकामी होते का, यावर शास्त्रज्ञांत एकमत नाही. पण किडनीच्या रुग्णाने असे पाणी पिऊ नये, याबद्दल दुमत नाही. पाणी उकळल्याने फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटून त्याचे प्रमाण वाढते. आरओ किंवा नागपूरच्या ‘नीरी’ने विकसित केलेली तुरटी-चुन्याची नालगोंडा पद्धत यांनी ते कमी होते. सर्वांत चांगला उपाय म्हणजे तपासलेला सुरक्षित स्रोत.

दुसरा धोका उन्हाचा. मध्य अमेरिकेतील ऊसतोड कामगार, श्रीलंकेतील भातशेती करणारे शेतकरी आणि आंध्र प्रदेशातील उद्दानम भागातील ग्रामस्थ यांच्यात मधुमेह-रक्तदाब नसतानाही किडनीचा आजार मोठ्या प्रमाणावर आढळला. नेमके कारण अजून एका शब्दात सांगता आलेले नाही. पण तळपत्या उन्हात कष्ट, अपुरे पाणी आणि त्यावर वेदनाशामक गोळ्या हे मिश्रण संशयितांच्या यादीत वर आहे. मध्य अमेरिकेतील उसाच्या फडात पाणी, विश्रांती आणि सावली यांची व्यवस्था केल्यावर मजुरांच्या किडनीवरचा ताण कमी झाल्याचे दिसले. विदर्भातला एप्रिल-मे आणि रोहयोची कामे, वीटभट्ट्या, रस्त्यांचे खोदकाम डोळ्यांसमोर आणले तर हा धडा इथेही तितकाच लागू पडतो.

तिसरा धोका फवारणीचा. २०१७ च्या खरीप हंगामात या जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा मृत्यू झाला आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. बहुतेक कीटकनाशकांचा पहिला मारा मज्जासंस्थेवर असतो, पण गंभीर विषबाधेत किडनीही बंद पडू शकते. पॅराक्वाटसारखे तणनाशक पोटात गेले तर ते किडनी आणि फुप्फुसे दोन्ही उद्ध्वस्त करते आणि त्यावर उतारा नाही. घोणस चावल्यावरही किडनी एकाएकी बंद पडते. अशा रुग्णाची लघवी किती होते याची मोजदाद आणि क्रिएटिनिनची वारंवार तपासणी जीव वाचवणारी ठरते. लघवी कमी किंवा लाल-काळी झाली तर मांत्रिकाकडे वेळ घालवणे जिवावर बेतते.

चौथा धोका सिकलसेल. विदर्भातील आदिवासी आणि काही अनुसूचित जातींच्या समूहांत हा आनुवंशिक आजार बराच आढळतो. राष्ट्रीय सिकलसेल अॅनिमिया निर्मूलन मोहीम २०२३ मध्ये सुरू झाली आणि रक्ताची तपासणी गावोगाव पोचू लागली. पण सिकलसेलच्या रुग्णाची किडनी सुरुवातीला नेहमीपेक्षा जास्त वेगाने गाळते, त्याचे स्नायूही कमी असतात. परिणामी क्रिएटिनिन ०.४-०.५ इतके ‘छान’ दिसते आणि लघवीतून अल्ब्युमिन मात्र वाहत असते. अशा रुग्णांची दहाव्या वर्षापासून दरवर्षी लघवीतील अल्ब्युमिनची तपासणी व्हावी, असे तज्ज्ञांचे मार्गदर्शन आहे. सिकलसेलचे पिवळे-लाल कार्ड वाटले आणि लघवी तपासलीच नाही, तर काम अर्धेच झाले.

पाचवा धोका सर्वांच्या खिशात आहे. वेचणी-निंदणीनंतर कंबर दुखते म्हणून दुकानातून घेतलेली डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, नायमेसुलाइड, असिक्लोफेनॅकची गोळी किडनीचा रक्तपुरवठा कमी करते. निरोगी माणसाने दोन दिवस घेतली तर सहसा बिघडत नाही. पण अंगातले पाणी कमी झालेले असताना, मधुमेह-रक्तदाबाच्या किंवा सिकलसेलच्या रुग्णाने ती महिनोन्महिने घेतली, तर किडनीची किंमत मोजावी लागते. पारा-शिसे असलेली बेभरवशाची भस्मे, वजन किंवा ताकद वाढवण्याची बिननावाची पावडर यांचेही तेच. अकोल्यात एकाच कुटुंबातील तिघींच्या किडनीवर गोरेपणाच्या क्रीममधील पाऱ्यामुळे परिणाम झाल्याचे मुंबईच्या केईएम रुग्णालयात उघड झाले होते. शेजारच्या मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात २०२५ मध्ये खोकल्याच्या औषधातील डायइथिलीन ग्लायकॉलने २० हून अधिक बालकांचा किडनी बंद पडून बळी घेतला. त्यांतल्या अनेकांवर नागपुरात उपचार सुरू होते. लहान मुलाची लघवी अचानक कमी होणे ही दुर्लक्ष करण्याची गोष्ट नव्हे, हे या घटनेने पुन्हा दाखवून दिले.

एका अहवालाने हादरू नका

चाचणी जशी धोका लपवू शकते, तशी उगाच घाबरवूही शकते. आदल्या रात्री भरपूर मटण खाल्ले, भर उन्हात राबले, जुलाब झाले, व्यायामशाळेत क्रिएटिनची पावडर सुरू असली, तर क्रिएटिनिन तात्पुरते वाढते. ताप, लघवीचा संसर्ग, मासिक पाळी, जोराचा व्यायाम यांमुळे लघवीत अल्ब्युमिन दिसू शकते. म्हणून तब्येत ठीक नसल्याची कोणतीही खूण नसताना आकडा थोडा वाढला, तर एक-दोन आठवड्यांनी, पुरेसे पाणी पिऊन, तपासणी पुन्हा करावी आणि तीन महिन्यांनी खात्री करावी. मात्र लघवी कमी होणे, अंगावर सूज, धाप, सतत उलट्या, यांपैकी काही असेल तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

भरपूर पाणी प्यायल्याने किडनी ‘धुऊन’ निघते, हाही एक भ्रम. निरोगी माणसाने लघवीचा रंग फिका पिवळा राहील इतके पाणी प्यावे. उन्हात काम करणाऱ्याला ते अर्थातच जास्त लागते. आजार पुढे गेलेल्या आणि अंगावर सूज असलेल्या रुग्णाला मात्र जास्त पाणी अपायकारक ठरू शकते. त्याने डॉक्टरांनी ठरवून दिलेले प्रमाण पाळावे.

वेळीच कळले तर काय हाती लागते?

‘कळून तरी काय उपयोग, शेवटी डायलिसिसच’ ही समजूत आता जुनी झाली. रक्तदाब १३० वर ८० च्या आसपास ठेवणे, साखर आटोक्यात ठेवणे, मीठ दिवसाला एका चहाच्या चमच्याच्या आत आणणे आणि तंबाखू सोडणे यांनी किडनीचे आयुष्य वाढते. पापड, लोणचे, ठेचा आणि जेवणात वरून घेतलेले मीठ, सगळे त्या एका चमच्यात धरायचे. रामिप्रिल, टेल्मिसार्टन यांसारखी रक्तदाबाची औषधे लघवीतील अल्ब्युमिनची गळती कमी करतात. ती सुरू केल्यावर क्रिएटिनिन थोडे वाढू शकते; डॉक्टरांना न विचारता गोळी बंद करू नये. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही मधुमेहाची म्हणून आलेली औषधे मधुमेह नसलेल्या अनेक रुग्णांतही किडनीची झीज मंदावतात, हे मोठ्या चाचण्यांत सिद्ध झाले आहे. एम्पाग्लिफ्लोझिनचे पेटंट भारतात मार्च २०२५ मध्ये संपले आणि त्याची किंमत झपाट्याने खाली आली. डापाग्लिफ्लोझिन त्याआधीच स्वस्त झाले होते. जुलाब-उलट्यांनी अंगातले पाणी कमी झाले असेल, तर ही औषधे काही दिवस थांबवावी लागतात. त्याबद्दल डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे.

याउलट, उशीर झाला तर आठवड्यातून दोन-तीनदा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास, यंत्राला जोडून घेण्याची पाळी येते. झरी जामणी किंवा उमरखेडकडच्या एखाद्या गावातल्या मजुराला डायलिसिस मोफत मिळाले, तरी एसटीचे भाडे, सोबत येणाऱ्याची बुडालेली मजुरी आणि स्वतःचे थांबलेले काम कोणत्याही योजनेत मिळत नाही. लवकर निदानाचा खरा हिशेब इथे मांडायला हवा.

जिल्ह्याला काय करता येईल?

मोठे यंत्र किंवा नवी इमारत लागणार नाही, अशा काही गोष्टी आहेत. सरकारी असो वा खासगी, प्रत्येक प्रयोगशाळेने प्रौढाच्या क्रिएटिनिनच्या अहवालावर ईजीएफआर छापावा. सरकारी रुग्णालये आणि आरोग्य केंद्रांतील नमुन्यांसाठी ‘महालॅब’ची व्यवस्था आहेच. संगणकात एक सूत्र बसवण्याचे ते काम आहे. गावोगावी ३० वर्षांवरील लोकांचा रक्तदाब आणि साखर तपासली जाते. त्यात जो रुग्ण सापडेल त्याची वर्षातून एकदा रक्ताची आणि लघवीची, अशा दोन्ही चाचण्या झाल्याच पाहिजेत. सिकलसेलच्या नोंदवहीत लघवीतील अल्ब्युमिनचा एक रकाना वाढवावा. फ्लोराइडग्रस्त गावांत पाण्याचा नमुना आणि माणसांची किडनी तपासणी एकाच वेळी व्हावी, म्हणजे दोन विभागांच्या दोन फाइली एकमेकींना भेटतील.

वाचकाने आपल्या पातळीवर एवढे करावे. मधुमेह, रक्तदाब, सिकलसेल, घरात कुणाला किडनीचा आजार, वारंवार मुतखडा, वर्षानुवर्षे वेदनाशामक गोळ्या किंवा वय साठच्या पुढे, यांपैकी काहीही असेल तर वर्षातून एकदा तपासणी करावी. अहवाल हाती आला की डॉक्टरांना तीन प्रश्न विचारावेत. माझा ईजीएफआर किती? लघवीत अल्ब्युमिन आहे का? मागच्या वेळेपेक्षा आकडा बदलला का? या तिन्हींची उत्तरे मिळेपर्यंत ‘नॉर्मल’ या शब्दावर समाधान मानू नये.